हप्ता महिन्याचा, काजू हंगामाचा

पत्राचा सारांश

पत्र लिहिणारी सिंधुदुर्गातली, वय २६, अन्नतंत्रज्ञानात बी.टेक. शिक्षणासाठी ५ लाख ८० हजारांचं कर्ज काढलं. सहकर्जदार वडील, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. काहीही तारण नाही. हप्ते सुरू झाले तोवर व्याज मिळून कर्ज ८ लाखांवर गेलं होतं. व्याज साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षं, हप्ता १०,८०० रुपये. पुण्यात २८,००० रुपयांची नोकरी होती, ती तिने गेल्या दिवाळीनंतर सोडली आणि घरी येऊन आईबरोबर काजू फोडायला सुरुवात केली. या हंगामात १३० रुपये किलोने एक टन बी घेतली, २५० किलो गर निघाला. त्यातला २१० किलो ७८० रुपयांनी मुंबईच्या एका घाऊक दुकानदाराला दिला. त्याच्याकडून ८५,००० रुपये अजून यायचे आहेत. 'दिवाळीनंतर बघू' म्हणतो. ४० किलो गर घरातच आहे. ओळखीपाळखीत तो ९०० रुपयांनी जातो.

जूनपर्यंतचे २४ हप्ते भरले, जुलै आणि ऑगस्टचे थकले. बँकेचे फोन वडिलांना येतात. 'तो फोन माका नको' म्हणून ते परसात निघून जातात. गावातले एक ओळखीचे गृहस्थ पीएमईजीपीतून, म्हणजे नव्या धंद्यासाठी बँककर्ज आणि त्यावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, दहा लाखांचं काम करून देतो म्हणतात, दहा टक्के त्यांचे. त्या पैशातून शैक्षणिक कर्ज एकरकमी फेडायचं आणि उरलेल्यात यंत्रं घ्यायची, असा तिचा बेत आहे. तो फसला तर पुण्याला परत. ती विचारते, 'आधी कर्ज की आधी धंदा? आणि आमचं घर जाईल का?'

उत्तर

आधी घराचं सांगतो, कारण त्या धास्तीने बाकीचं नीट वाचलं जाणार नाही. घर गहाण नसेल तर थकलेल्या हप्त्यांसाठी बँक उठून घराला कुलूप लावू शकत नाही. तिला कोर्टाची पायरी चढावी लागते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण न घेण्याची पद्धत आहे आणि अशा कर्जांसाठी केंद्राची पतहमी योजनाही आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई मिळते. पण हमी बँकेला असते, तुला नव्हे. तुझं देणं त्याने माफ होत नाही.

आता तारखा बघ. जुलैचा हप्ता ५ तारखेचा होता असं तू लिहितेस. कोणताही हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. ५ जुलैपासून ९० दिवस ३ ऑक्टोबरला भरतात, आणि सप्टेंबरचाही हप्ता एव्हाना पडला आहे. मी कर्जविभागात टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलो आहे. या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे काय फरक पडतो हे ग्राहकाला कुणी धड सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. अलीकडे असताना जुलैचा एकच हप्ता भरलास तरी थकबाकीचे दिवस ऑगस्टपासून मोजले जातात, म्हणजे महिनाभराची उसंत मिळते. एकदा खातं एनपीए झालं की एका हप्त्याने भागत नाही; सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित होत नाही. आणि नोंद तुझ्याबरोबर बाबांच्या सिबिललाही, म्हणजे सगळ्या बँका बघतात त्या कर्जफेडीच्या इतिहासालाही, लागते.

तीन हप्त्यांचे होतात ३२,४०० रुपये. घरात ४० किलो गर आहे, ९०० रुपये किलोचा. छत्तीस हजार रुपये डब्यांत भरून माळ्यावर ठेवलेत आणि बाबा परसात जाऊन बसतात! ते डबे या आठवड्यात विकायला काढ. पुण्यातले जुने सहकारी, मुंबईचे चाकरमानी, बाबांचे डेपोतले मित्र, सगळ्यांना कळव. अर्धा-एक किलोची पाकिटं कर आणि पैसे रोख घे. दिवाळीत भाव थोडा वर जाईल म्हणून थांबू नकोस. किलोमागे पन्नास रुपये जास्त मिळाले तरी दोनच हजार होतात.

आता तुझ्या बेताकडे वळू. त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि तिन्ही मला पटत नाहीत.

अनुदान म्हणजे हातात येणारा पैसा, ही पहिली. पीएमईजीपीत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात, हे खरं. दहा लाखांचा प्रकल्प धरला तर तुझे ५० हजार आणि बँकेचं साडेनऊ लाख कर्ज. साडेतीन लाखांचं अनुदान मात्र तुझ्या खात्यात येत नाही. बँक ते तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते, युनिट खरोखर चालतंय का याची पाहणी होते आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. यंत्रांचे पैसे सहसा थेट विक्रेत्याला जातात. त्यातून शैक्षणिक कर्ज फेडायला पैसा सुटेल कुठून? खोट्या बिलांतून. त्या गृहस्थांच्या डोक्यात बहुधा तेच असेल. ते त्यांचे दहा टक्के घेऊन मोकळे होतील. पाहणीच्या दिवशी दारात तू उभी असशील, अनुदान परत जाईल आणि साडेनऊ लाख तुझ्या नावावर राहतील. या योजनेचा अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो, मध्ये दलाल नसतो. त्यांना चहा पाजून निरोप दे.

शैक्षणिक कर्ज आणि धंद्याचं कर्ज या दोन वेगळ्या वाटा आहेत, ही दुसरी समजूत. धंद्याच्या कर्जाला अर्ज केलास की बँक सर्वात आधी तुझं सिबिल उघडणार आणि तिथे पहिलीच ओळ शैक्षणिक कर्जाची असणार. म्हणून 'आधी काय' या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की कर्ज फेडून संपवण्याची काही गरज नाही, ते नियमित ठेवायचं. २४ हप्त्यांत तू २ लाख ५९ हजार भरलेस, तरी माझ्या हिशोबाने मुद्दल लाखानेच कमी होऊन सात लाखांच्या आसपास उरलं असेल. हे बघून कुणाचाही जीव खचेल. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं, त्यात तुझी चूक नाही.

तिसरी गोष्ट सर्वात नाजूक. तू लिहितेस, पहिल्याच वर्षी ६५ हजार नफा झाला. सगळा २५० किलो गर ७८० रुपयांनी धरून आलेल्या १ लाख ९५ हजारांतून बीचे १ लाख ३० हजार वजा केलेस. पण पुढच्याच पानावर दोघी बायकांची मजुरी, जळण, पॅकिंग आणि मुंबईचं गाडीभाडं मिळून किलोला १३० रुपये पडले असंही तू लिहिलं आहेस. ते वजा केले की उरतात ३२,५००. आईची आणि तुझी मजुरी त्यात धरलेलीच नाही. (आईची मजुरी कुठल्याच घरगुती धंद्याच्या वहीत नसते. तू तरी तिच्या नावाचा एक रकाना आख.)

हाच हिशोब पुढे नेऊ. वर्षाचे हप्ते होतात १ लाख २९ हजार ६००. किलोमागे १३० रुपये सुटत असतील तर नुसते हप्ते भरायला हजार किलो गर विकायला हवा. हजार किलो गराला चार टन बी लागते, म्हणजे ५ लाख २० हजार रुपये, आणि तेही मार्च ते मे या तीन महिन्यांत मोजायचे. पैसा परत येणार वर्षभर, थोडाथोडा, दुकानदाराच्या मर्जीने. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला दारात हजर. यंत्रं घेतलीस तर काम भराभर होईल, पण बी घ्यायला पैसा नसेल तर कटर रिकामाच बसेल. तुझ्या धंद्याला यंत्रापेक्षा खेळतं भांडवल जास्त कमी पडतं आहे, आणि त्यातलं ८५ हजार तुझ्याच मालाचं, मुंबईत अडकलेलं आहे.

तेव्हा त्या दुकानदाराला दिलेल्या मालाची बिलं, गाडीच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप एकत्र कर आणि तारखेनिशी लेखी मागणी पाठव. पूर्ण देत नसेल तर तीन हप्त्यांत मागून घे. कायदाही तुझ्यासारख्यांच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघू उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सहसा माल देण्याआधीची असावी लागते, आणि तुझी नोंदणी झालेलीच नाही. म्हणजे या ८५ हजारांना या कायद्याचा भरवसा धरू नकोस, पुढच्या बिलांसाठी तो उपयोगी पडेल. नोंदणी आधारवर होते आणि फुकट असते. तिचे हजार-दोन हजार घेणारी दुकानं जागोजाग आहेत, तिकडे जाऊ नकोस.

एक अडचण मात्र आहे. पीएमईजीपी नव्या प्रकल्पालाच मिळते. चालू धंद्याची नोंदणी करून मग त्याच कामासाठी तिथे अर्ज केलास तर 'हे तर जुनं युनिट' असं ऐकावं लागेल. म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात आधी तोंडी विचारून ये. माझं विचारशील तर तुझ्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, ती अधिक सोयीची आहे. २०२० साली सुरू झालेली ही योजना आपल्याकडे कृषी विभाग बघतो. चालू असलेलं छोटं युनिटही तिच्यात बसतं. ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, तेही कर्जाशी जोडलेलंच. स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. तिच्यात जिल्ह्याला साधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल करण्यापासून बँकेत सोबत येण्यापर्यंतचं काम त्या करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. त्या गृहस्थांनी दहा टक्क्यांत जे करून देऊ म्हटलं, ते इथे सरळ मार्गाने होतं. अन्नतंत्रज्ञानाची पदवी असलेल्या मुलीने स्वतः साधन व्यक्ती होण्यासाठी अर्ज का करू नये, हेही मनात ठेव. जाहिरात कधी निघणार हे तालुका कृषी कार्यालयात विचारत राहा. योजनेची मुदत आणि अटी मात्र अर्जाच्या दिवशी काय आहेत ते तिथेच पाहून घे.

याच योजनेतली एक छोटी तरतूद तुमच्या घराला मोठ्या अनुदानापेक्षा जास्त उपयोगी पडेल. आई बचत गटात आहे ना? अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्यांना खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं, गटाच्या संघामार्फत. गटातल्या पाच जणींनी मिळून काजू फोडायचं ठरवलं तर हंगामाच्या तोंडाशी दोन लाखांची बी घेता येते. बचत गटांचं काम बघणाऱ्या उमेद अभियानाच्या तालुका कक्षात आईला घेऊन जा. आणि बोलणं आईलाच करू दे, गट तिचा आहे.

त्याहून सोपी वाट म्हणजे बी विकतच न घेणं. तुमच्या वाडीतच अशी घरं असतील की ज्यांची बी दरवर्षी मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या पोत्यात जाते. त्यांना मजुरीवर फोडून दे. गर त्यांचा, उकडणं, कटिंग, ड्रायर, साल काढणं आणि प्रतवारी तुझी. किलोमागे ठरलेली मजुरी, माल नेताना रोख. भावाची चढउतार त्यांच्या डोक्यावर, भांडवल जवळजवळ शून्य. दोन हंगाम असं केलंस तर बँकेला दाखवायला खात्यातली उलाढालही तयार होईल. मग किशोर गटातलं मुद्रा कर्ज, म्हणजे ५० हजार ते ५ लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज, मागायला तुझ्याकडे आधार असेल. ते मुदतकर्जापेक्षा कॅश क्रेडिट स्वरूपात माग. वापरशील तेवढ्याच रकमेवर व्याज पडतं, हंगामी धंद्याला तेच सोयीचं.

पण हे सगळं पुढच्या मार्चनंतरचं. तोवर दर महिन्याचे १०,८०० कुठून यायचे? इथे बँकेशी बोलावं लागेल, आणि लेखी. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत एक तरतूद आहे, जी मी शाखेच्या फलकावर कधी लावलेली पाहिली नाही. मधल्या बेकारीच्या किंवा कमी कमाईच्या काळासाठी दोन-तीनदा हप्ते थांबवून घेता येतात, आणि शिक्षणानंतर स्वतःचा उद्योग उभा करणाऱ्याला त्या सुरुवातीच्या काळासाठीही सवलत देता येते. बँकेवर ही सक्ती नाही. प्रत्येक बँक आपापले नियम करते. पण 'जरा सांभाळून घ्या साहेब' म्हणण्यापेक्षा या तरतुदीचा उल्लेख करून अर्ज दिलास तर शाखाधिकाऱ्याला तो वरच्या कार्यालयात पाठवावासा वाटेल. सहा महिन्यांची सवलत किंवा मुदतवाढ माग. पोच घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नकोस.

दोन्हींची किंमत माहीत असू दे. सवलतीच्या काळातही व्याज चालूच राहतं. मुदत एकूण पंधरा वर्षांवर नेली तर हप्ता ८,२५० च्या आसपास येईल, म्हणजे महिन्याला अडीच हजार सुटतील, पण शेवटपर्यंत अडीच लाखांच्या घरात जास्त व्याज जाईल. मला तो सौदा तुझ्यासाठी चालण्यासारखा वाटतो, एवढ्याचसाठी की शैक्षणिक कर्ज सहसा बदलत्या व्याजदराचं असतं आणि अशा कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. चांगला हंगाम आला की जास्तीचे भर. फक्त या बदलाची 'पुनर्रचना' म्हणून सिबिलला नोंद जाणार का, हे आधी लेखी विचार. जाणार असेल तर मुदतवाढ नको, जुनाच हप्ता परवडला.

पुण्याला परत जाण्याबद्दल. तू ते हार म्हणून लिहिलं आहेस. मला तो सर्वात वाईट पर्याय वाटत नाही, आणि तो एकटाच पर्यायही नाही. कुडाळ, सावंतवाडी, शेजारचा गोवा, या पट्ट्यात खाद्यप्रक्रियेचे कारखाने आहेत आणि गुणवत्ता तपासणाऱ्या माणसाची त्यांना गरज असते. जून ते फेब्रुवारी पंधरा-अठरा हजारांचं काम मिळालं तरी हप्ता निघतो आणि हंगामाला तू घरी असतेस. काजू, कोकम, आंब्याच्या छोट्या घरगुती उद्योगांना अन्नसुरक्षेची नोंदणी आणि लेबलवरचा मजकूर करून देणं, हेही पैसे देणारं काम आहे. तुझ्या पदवीवर कर्ज आहे, तेव्हा काही काळ पदवीलाच कर्ज फेडू दे. काजूच्या मानेवर पहिल्याच वर्षी ते जू ठेवू नकोस.

याच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. ज्यांची मुलं अजून शिकताहेत त्यांनी व्याज अनुदानाचं आत्ताच बँकेत विचारावं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक-तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातलं व्याज भरणारी केंद्राची योजना आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत दिला नाही तर नंतर हळहळ. ओबीसी कुटुंबांनी इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना पाहावी. मराठा समाजातल्या, धंद्यासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या तरुणांनी अण्णासाहेब पाटील महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र कर्जाच्या आधी घ्यावं. आणि तिथे हप्ता आधी आपण भरतो, व्याज नंतर परत मिळतं, हे विसरू नये. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या आयकर वजावटीबद्दल (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. ती वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. करपात्र उत्पन्नच नसेल तर तिचा उपयोग शून्य.

राहिले बाबा. ते सहकर्जदार आहेत, म्हणून बँक त्यांना फोन करू शकते. मात्र वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, धमकवायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि बँकेकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ वर माहिती मिळते.

पण मला वाटतं, बाबांना त्या फोनपेक्षा फोनवर सांगायला काही नसल्याचं जास्त लागत असावं. आयुष्यभर तिकिटांचा पैन् पै हिशोब देऊन पिशवी जमा केलेला माणूस. आता रक्कम जुळत नाही आणि का जुळत नाही हे त्यांना घरात कुणी सांगितलेलं नाही. कागदावर हिशोब मांड. ४० किलोचे किती आले, मुंबईचे किती यायचे, अर्जात काय मागतो आहोत. मुदत बदलायची झाली तर सहकर्जदार म्हणून त्यांची सही लागेलच. शाखेत त्यांना बरोबर घेऊन जा, आणि पैसे काउंटरवर त्यांनाच मोजू दे.